फलकावरची पाठमोरी बाई

मी कापड बोलतोय. जाड, खडबडीत कापड. जरा सावकाश बोलेन, चालेल ना?

तंबू व्हायचं म्हणून मला विणलं होतं, पण गेलो थिएटरात. लाकडी चौकटीवर मला ताणून खिळे ठोकले, सरस आणि सफेदा फासला आणि दारावरचा फलक केला. नवा सिनेमा आला की पेंटर माझ्यावर नायिकेचा चेहरा काढायचा. सिनेमा उतरला की पुन्हा सफेदा, पुन्हा नवा चेहरा. किती जणी आल्या आणि माझ्याच अंगावर सफेद्याखाली झाकल्या गेल्या, मोजदाद नाही.

पेंटरची पद्धत ठरलेली. सिनेमावाल्यांच्या फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकोन आखायचे, माझ्यावर खडूने मोठे, आणि एकेक चौकोन भरत जायचं. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फराटे. रस्त्यापलीकडून पाहिलं की बाई डोळ्यांत पाणी आणून उभी.

त्याची खोली थिएटरच्या मागच्या भिंतीला लागून. तिथेच मला टेकवून तो रंगवायचा. त्याची बायको भिंतीला कान लावून बसायची. पलीकडे गाणं लागलं की तिच्या हातातलं शिवण मांडीवर तसंच राहायचं. सिनेमे तिने फारसे पाहिले नाहीत, गाणी मात्र सगळी पाठ.

"एकदा माझंही चित्र काढा की," ती मान न वळवताच म्हणायची.

"तुला बघायला तिकीट कोण काढणार?"

"कुणी नको. तुम्ही तरी मान वर करून बघाल."

"सवड झाली की काढतो."

सवड झाली नाही. एका हिवाळ्यात ती तापाने गेली. फोटो एकही नव्हता. घरातच चित्रं काढणारा माणूस, म्हणून फोटो काढून घ्यायचं कधी कुणाला सुचलंच नाही.

तेव्हा मी कोरा होतो. सवयीने त्याने माझ्यावर चौकोन आखले, पण बघून भरायला समोर काहीच नव्हतं. भुवया काढल्या, त्या मागच्या सिनेमातल्या नायिकेच्या झाल्या. ओठ दुसरीचेच उतरले. पुसून पुन्हा काढले. इतक्या वर्षांचं वळण, हात तिकडेच जायचा.

थिएटरचा डोअरकीपर डोकावला. "वा, फक्कड जमलीय. कुठल्या सिनेमातली?"

पेंटरने सफेद्याचा डबा ओढला आणि मला पुन्हा पांढरं केलं.

"तुझ्या आईचा चेहरा विसरलो गं मी," तो मुलीला म्हणाला. "रोज समोर होती, आणि विसरलो."

मुलगी भाजी चिरत होती. "समोर कुठे होती, बाबा? सदा भिंतीकडे तोंड करून तर बसलेली."

त्याने त्या भिंतीकडे पाहिलं. मग ब्रश उचलला. चौकोन आखले नाहीत. पाठ काढली, सैल सुटलेली केसांची गाठ, एका बाजूला कललेली मान, भिंतीला टेकलेला कान. हात कुठे अडला नाही.

मुलगी हात पुसत आली आणि माझ्यासमोर खालीच बसली. "आई," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आला. "अहो, सिनेमा लागायची वेळ झाली आणि ही कोण पाठ करून बसलीय? लोकांना तोंड दाखवा, तोंड."

पेंटरने एकेक खिळा उपसून मला चौकटीवरून सोडवलं. "दुसरं कापड आणा, साहेब. हे आता रंगवायचं नाही."

पेंटर जाऊन बरीच वर्षं झाली. ते थिएटरही पाडलं. मी मुलीच्या ट्रंकेत असतो. तीही आता म्हातारी झाली. कधीतरी मला पलंगावर पसरते, बघते आणि पुन्हा घडी घालते. रंग वाळून कडक झालाय, घडीवर तडकतो. पाठीवरून एक भेग गेली, केसांवरून दुसरी.

तिच्यामागे ही ट्रंक ज्यांच्या हाती येईल, त्यांना ही बाई कोण ते कळणार नाही. नाही कळलं तरी चालेल. जमलं तर मला भिंतीवर पसरून लावा. आणि घडी घालायचीच झाली, तर बाबांनो, तेवढा कान सोडून घाला.