चादरींचा शनिवार

माझ्या आईला मी जन्मभर मावशी म्हणत आले. घरातला नियमच तसा होता. घर म्हणजे चर्चने चालवलेलं मुलांचं वसतिघर. ज्यांच्या घरी दारू होती, मार होता, किंवा नुसतंच कुणी नव्हतं, अशी मुलं तिथे राहायला येत. माझे आईबाबा तिथले घरपालक. बाबा लवकर गेले, आई राहिली. आलेल्या प्रत्येक मुलाला ती पहिल्याच दिवशी सांगायची, "तुला आई आहे. कशी का असेना, आहे. मी तिची थोरली बहीण समज." मग ज्या टेबलाशी सगळे मावशी वाढ, मावशी वेणी घाल करत असायचे, तिथे मी एकटीने आई म्हणणं तिला बरं वाटेना. कोठीच्या खोलीत, दार लोटून घेतल्यावर, मला आई म्हणायची मुभा होती. त्यामुळे लहानपणी डब्यातली साखर संपली की मला फार आनंद व्हायचा.

माय मरो, मावशी जगो, अशी म्हण आहे. माझ्या दोघीही एकाच सकाळी गेल्या. मुलांचे डबे भरून झाले, शेवटचं झाकण लावलं, आणि ती ओट्याशीच खाली बसली ती उठली नाही.

नवीन घरपालक जोडपं महिनाअखेरीस यायचं होतं. तोवर मी राहावं असं पाळककाकांनी सुचवलं. त्यांच्या हाताखाली सगळा कारभार, आणि मी पाळण्यात असल्यापासून ते मला ओळखतात. "तुला घर माहीत आहे," ते म्हणाले. मी ग्रंथालयातून रजा काढली. मलाही वाटलं, घर मला माहीत आहे.

आमच्याकडे प्रार्थनेला डोळे मिटायची सक्ती नव्हती. डोळे मिटले की काय होऊ शकतं, याचा काही मुलांना अनुभव होता. एखादे पाहुणे पाळक यायचे, मन लावून प्रार्थना करायचे आणि मध्येच डोळे किलकिले करून पाहायचे तर सगळं टेबल त्यांच्याकडे टक लावून बसलेलं. मला ते सवयीचं होतं. म्हणून दफनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या उपासनेत, वकिलाने प्रार्थना केली तेव्हा तिचा चेहरा मला नीट दिसला.

वकील म्हणजे दहा वर्षांची एक मुलगी. आंघोळ कर म्हटलं की कालची का चालत नाही, असा मुद्दा मांडणारी. नाव माझ्या आईनेच ठेवलेलं.

"देवबापा," ती छताकडे बघून म्हणाली, "मावशीला बोलावलंस ते तुझं तू बघ. पण शनिवारचं काय, ते आधी ठरवायला हवं होतंस. आमेन."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी मात्र पाळककाकांकडे पाहिलं.

नंतर अंगणात त्यांनी मला सांगितलं. वकिलाची आई प्यायची. पोरीला घरात ठेवून दिवसच्या दिवस बाहेर असायची. शेवटी शेजाऱ्यांनी कळवलं आणि मुलगी इथे आली. आई व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात गेली, बरी होऊन बाहेर पडली, आता एका कारखान्यात डब्यांना झाकणं लावायचं काम करते. दोनदा भेटीला आली. दोन्ही वेळा वकील माळ्यावर जाऊन बसली.

"बालकल्याणवाले म्हणतात, आता तिसऱ्यांदा मुलीने नाही म्हटलं तर भेटी बंद. मग पोरगी इथेच वाढणार, आणि ती बाई..." काकांनी वाक्य सोडून दिलं. "तुझ्या आईने महिनाभर खपून तिच्याकडून हो वदवून घेतलं होतं. कसं, ते विचारू नकोस. मला सांगायची नाही. म्हणायची, तुम्ही प्रवचनं सांभाळा."

शुक्रवारी मी वकिलाला विचारलं, "उद्या येशील ना खाली?"

"मावशी असणार होती."

"मी असेन."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, तू चांगली आहेस," ती म्हणाली. नोकरी नाकारताना म्हणतात तसं.

मग शनिवार आला, आणि मी जीव तोडून तयारी केली. शनिवारी सकाळी सगळ्या पलंगांच्या चादरी धुवायच्या, हा घरचा रिवाज. माझ्या आठवणीत त्या दुपार टळेपर्यंत मागच्या अंगणात दोऱ्यांवर लोंबकळत असायच्या. खडखडीत वाळल्या तरी मावशी काढू द्यायची नाही. कुणी ना कुणी भेटीला येऊन गेलं की मग त्या घरात यायच्या, तेही घड्या होऊन. तासाभरात पलंगावर घालायच्या चादरींच्या घड्या कशाला, हेही मला कधी उमगलं नव्हतं. भेटीच्या वेळी मागचं अंगण आम्हा मुलांना बंद असे. मी आपली समजूत करून घेतली होती की आई बाकी सगळ्यात नेटकी, पण कपड्यांच्या बाबतीत जरा ढिली.

तर मी ती ढिलाई दूर केली. ऊन चांगलं होतं. सकाळी दहाच्या आतच चादरी उतरवल्या. मोठ्या मुलींतली सेनापती, जिच्या हुकमाशिवाय तिथे पान हलत नाही, ती क्लासला गेलेली. म्हणून मी एकटीनेच, हनुवटीखाली कडा दाबून, सगळ्यांच्या घड्या केल्या आणि कपाटात ढीग लावला. एकावर एक, कडेला कड. पाहुण्यांच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, मध्ये टेबल, टेबलावर फुलं. खोली इतकी सुंदर दिसत होती की आई असती तर, असं मला वाटून गेलं.

वकिलाची आई वेळेआधीच आली होती आणि फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसून राहिली होती. मी आत बोलावलं. किडकिडीत बाई, केस पाण्याने चापून बसवलेले. काही आणू नका, असं तिला काकांनी सांगितलं होतं. त्यामुळे रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. आधी मांडीवर, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीखाली. तिची नजर सारखी दाराकडे जात होती. मला वाटलं, हिला पळून जायचंय.

वकील आली. मला धक्काच बसला. सरळ येऊन खुर्चीत बसली. मी कोपऱ्यात स्टुलावर. कुणीतरी हजर असावं, असा नियम आहे.

"मोठी झालीस," तिची आई म्हणाली.

वकील फुलांकडे बघत होती.

"शाळा कशी आहे?"

फुलं.

"तुला... बरं वाटतं ना इथे?"

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या आहेत आणि त्यांतल्या शांतता मला आवडतात. ही तशी नव्हती. वकील उठली, खुर्ची मागे सारली आणि निघून गेली. तिच्या आईने डोळे मिटून घेतले.

मी धावले. मला वाटलं माळा. पण ती मागच्या अंगणात होती, रिकाम्या दोऱ्यांखाली, आणि प्रचंड चिडली होती.

"चादरी कुठे आहेत?"

"वाळल्या म्हणून मी..."

"घड्या केल्यास?"

"हो."

"सगळ्यांच्या?"

मी मान हलवली. तिने कपाळावर हात मारून घेतला. तो हात हुबेहूब माझ्या आईचा होता.

"ताई, अगं, ती भेट होती! मावशीने सांगितलं होतं, खोलीत बसायचं नाही. बोलायचं नाही वाटलं तर बोलायचं नाही. नुसत्या चादरी काढायच्या. एक टोक तुझ्याकडे, एक तिच्याकडे. घडी घालताना ती जवळ येईल, परत लांब जाईल. नको वाटलं तर टोक सोडायचं आणि सरळ घरात यायचं. कुणी रागावणार नाही. सगळ्यांची अशीच होते. सेनापतीची पण झाली होती." तिचा श्वास संपला. "आणि तू घड्या केल्यास."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, म्हणतात ते हेच. लहानपणीचे सगळे शनिवार, त्या वाळून कडक झालेल्या चादरी आणि बंद अंगण, एकदम माझ्या अंगावर आले. पण रडायला वेळ नव्हता, कारण माझ्यामागे सेनापती उभी होती. क्लासहून नुकतीच आलेली, दप्तर अजून पाठीवर.

"किती वेळ आहे?" तिने मला विचारलं.

"बाई आत बसलीय."

"तिला बसवून ठेव." मग तिने तोंडाशी हात धरून घराकडे आरोळी ठोकली, "ए, खाली या सगळे! कपाट उघडा! मोडा सगळ्या घड्या!"

मी एवढी शिस्त आमच्या ग्रंथालयात कधी पाहिलेली नाही. मुलं चादरी कवटाळून जिन्यावरून येत होती, पायात अडकून पडत होती, हसत होती. "माझी नको, मी हिच्यात ओकलो होतो," असं एक जण सांगत होता आणि त्याला "म्हणूनच धुतलीय गाढवा," असं उत्तर मिळत होतं. बघता बघता दोऱ्या भरल्या. सेनापतीने दोन-चार चादरी मुद्दाम चुरगाळल्या, खऱ्या वाटाव्यात म्हणून. मग टाळी वाजवली आणि अंगण रिकामं झालं.

मी वकिलाच्या आईला घेऊन आले. "जरा मदत कराल का? चादरी काढायच्या राहिल्यात." मी इतकी वाईट नटी आहे की तिने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या डबडबलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. पण ती पुढे झाली. हातांना काम मिळाल्याबरोबर बाई वेगळीच दिसू लागली.

मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले.

पहिली चादर दोघींनी न बोलता धरली. झटकली. आपापले कोपरे जुळवायचे, मग एकमेकींकडे चालत यायचं, एकीने आपली बाजू दुसरीच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी दुमड उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. वकील हे सगळं लांब हात करून, तोंड वळवून करत होती. दुसरी चादर. तिसरी. चौथीला तिची आई गोंधळली. तिने आडवं दुमडलं आणि चादरीचा पीळ झाला.

"असं नाही!" वकिलाच्या तोंडून निसटलं. "कोपरा कोपऱ्याला!"

"मला कुणी शिकवलंच नाही गं."

"मलापण नव्हतं येत. मावशीने शिकवलं."

"थोरल्या ताई कुठे आहेत?" ती बाई पुन्हा घराच्या दाराकडे बघत म्हणाली. "मघापासून वाट बघतेय. दर गुरुवारी फोन करायच्या मला. परवा गुरुवारी आला नाही. म्हटलं, समोर भेटणारच आहोत, म्हणून केला नसेल."

मी पायरीवरून उठले. काकांना वाटलं होतं मी कळवलं, मला वाटलं त्यांनी. आम्ही दोघांनीही कळवलं नव्हतं.

पण मी पोचायच्या आत वकील म्हणाली, "ती मेली. ओट्यापाशी. मंगळवारी."

ती बाई नुसती उभी राहिली, हातात दोन कोपरे धरून. मग तिचा चेहरा हळूहळू वितळला. आवाज न करता, तोंड न झाकता ती रडू लागली. पाहायला नको वाटावं असं. वकील तिच्याकडे एकटक बघत होती. आता टोक सोडून देईल, असं मला वाटलं. तिची बोटं तशी सैल झालीही होती.

"तू रडलीस की प्यायचीस," वकील म्हणाली.

"हो."

"मग आज?"

मला वाटलं, आता "नाही, कधीच नाही, शपथ" असं काहीतरी ऐकायला मिळणार, आणि असल्या शपथा या मुलीने ढीगभर ऐकल्या असणार.

"आज घरी गेल्यावर कसं होईल, माहीत नाही," तिची आई म्हणाली. "भीती वाटतेय. ताईंना सांगायचे मी, भीती वाटली की. आत्ता दोन्ही हातात चादर आहे. तेवढंच सांगू शकते."

वकिलाने ते ऐकून घेतलं. कागद दोनदा वाचावा तसं. मग बोटं आवळली.

"ताण," ती म्हणाली. "सैल पडलीय."

दोऱ्या रिकाम्या होईपर्यंत त्या घड्या घालत होत्या. मध्ये थोडं बोलणं होत होतं. काय, ते मला ऐकू आलं नाही आणि मी ऐकायला गेलेही नाही. मला माझं रडायचं होतं. ते मी कोठीच्या खोलीत उरकलं.

बाहेर आले तर भेटीची वेळ संपलेली. पाळककाका दारात घड्याळाकडे बघत उभे आणि ढीग उचलून ती बाई जिना चढत होती. "पलंग उघडेच आहेत ना," ती म्हणाली. "घालून जाते. तेवढंच." काकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या बाहीला धरलं आणि म्हटलं, "तुम्ही प्रवचनं सांभाळा." ते हसले आणि बाजूला झाले.

मुलींच्या खोलीत पलंगांची ओळ. वकील दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"तुझा कुठला?" तिच्या आईने विचारलं.

वकिलाने हाताची घडी घातली. ती बाई पुढे झाली. मग तिने खिडकीपासून सुरुवात केली. चादर पसरायची, चारही बाजूंनी आत खोचायची, हाताने सुरकुती काढायची, उशी ठेवायची. एक झाला की पुढचा. कुठला आपल्या पोरीचा, ते माहीत नसल्यामुळे एकही घाईने उरकता येईना. प्रत्येकावर तिने हात फिरवला. शेवटचा झाला तेव्हा ती घामाघूम झाली होती.

"खिडकीजवळचा माझा," वकील म्हणाली.

"तो तर पहिलाच झाला."

"माहीत आहे. कसे घालतेस ते बघत होते."

"मग? कसे घातले?"

वकील खिडकीपर्यंत चालत गेली. खोचलेली कड ओढून पाहिली. निघाली नाही. तिने उशी उचलली, उलटी केली आणि परत ठेवली.

"उशीचं तोंड भिंतीकडे," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी नीट दाखवते."