मेनूत भाऊ नाही

अमोल गेला. बरं, हे झालंच नाही असं धरून चालू. माझ्या राजापेठेतल्या स्टुडिओत बसलेल्या त्याच्या आईनेही तसंच धरलं होतं.

"त्याले रागिणीच्या बाजूनं उभा कर, गौरांग," जमुनाकाकू म्हणाल्या. "तिकडं नोको, तिकडं कूलर येते. त्याले सर्दी होते."

पडद्यावर अमोलच्या बहिणीच्या, रागिणीच्या लग्नाचं शूटिंग थांबवून ठेवलं होतं. कानपिळीची वेळ. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा. चुलतभाऊ पुढे झाला होता, तर काकूंनी त्याला हात धरून खाली बसवलं. मग जावयाने बिचाऱ्याने मान वाकवून कान हवेलाच दिला. पाहुणे आधी हसले, मग आपापल्या चपला कुठे आहेत ते बघू लागले.

अमोल अकोल्यात घरी बसून व्हिज्युअल इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी अवजारं बनवायचा. त्यातलं 'आशीर्वाद' आमच्या धंद्यात सगळ्यांकडे. वारलेल्या माणसाचा फोटो टाका, नातं निवडा, एक पट्टी सरकवा. आजोबा सावलीसकट मांडवात येऊन हात वर करत. "आपल्या एडिटरले डोकं लावाची सवय नाही," अमोल म्हणे, "म्हून एकच पट्टी देल्ली." त्याआधी आम्ही मेलेले हाताने चिकटवायचो. ते फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांसारखे दिसत.

पोरगा काय करतो, असं कुणी विचारलं की त्याचे वडील सूर्यभानकाका सांगत, "मेलेल्याले लग्नात आनते. जेवाले तेवढे बसत नाहीत."

रागिणीच्याच पत्रिका वाटायला निघालेल्या अमोलला मूर्तिजापूरजवळ ट्रकने... पण ते झालंच नाही, असं आपलं ठरलंय.

मी 'आशीर्वाद' उघडलं. नात्यांत आजोबा, आजी, वडील, मामा. भाऊ नव्हता. लहान भाऊही मरू शकतो, हे अमोलला सुचलंच नव्हतं.

"मामा घे," काकू म्हणाल्या. "होनारच होता."

मामा घेतला. पट्टी सरकेना. 'परवाना तपासता आला नाही.' मूळ सॉफ्टवेअर आम्हा सगळ्यांचं चोरीचं. आपलंही कुणी चोरू नये म्हणून अमोलचं अवजार दर वेळी अकोल्याला त्याच्या कॉम्प्युटरला विचारून मगच चालायचं.

"काकू, घरी फोन करा न. त्याचा कॉम्प्युटर लावा म्हना जरा."

"थो तं तेरवीले देल्ला. गादी, छत्री, कॉम्प्युटर. भटजी म्हने, त्याचा जीव ज्याच्यात होता ते देऊन टाका."

"कोनाले देल्ला?"

"पातूरच्या भाच्याले. त्यानं सारं पुसून गेम टाकले. लय मस्त चालते म्हने."

मी मग जुन्या पद्धतीने अमोल कापला आणि चिकटवला. काकूंनी चष्मा पुसून पाहिलं.

"हा फोटो हाय. माहा अमोल नाही. काढ."

काढला. जावयाचा कान पुन्हा हवेत.

"त्यालेच इचार न," काकू म्हणाल्या. "कोनी काही इचारलं का लगेच उत्तर देते थो."

कोपऱ्यात 'अडचण कळवा' अशी चौकट होती. तिथे लिहिलेलं थेट अमोलकडे जायचं. मी काकूंकडे बघितलं.

"नीट लिही. अर्जासारखं."

मी लिहिलं:

प्रति, मा. निर्माते, 'आशीर्वाद', अकोला. विषय: 'भाऊ' हा पर्याय मिळणेबाबत. महोदय, नवरदेवाचा कान वाकलेल्या स्थितीत आहे. आपल्या मातोश्री समक्ष बसून आहेत. तरी आपण उजव्या हातासह त्वरित हजर राहावे, ही नम्र विनंती.