ठेंगण्या दरवाजाचे कपाळ

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आणि माझ्यापुढे मान न झुकवता आत गेलेला माणूस सरोवरातल्या या सामोसिर बेटावर अजून जन्माला यायचा आहे. कुळांचे प्रमुख झुकले, पाद्री झुकले, डच साहेब झुकले, खानेसुमारीवालेसुद्धा झुकले. एवढा मान कोणाला मिळतो? खरे कारण सांगून टाकतो. मला फार खाली बसवले आहे. जो झुकत नाही त्याला टेंगूळ येते.

हे मुद्दाम केलेले आहे. घरात शिरणाऱ्याने घराला नमस्कार करूनच शिरायचे, ही आम्हा बाटाक लोकांची रीत. मला घडवणाऱ्या सुताराने फणसाच्या लाकडाची चौकट एकही खिळा न ठोकता जुळवली आणि वरच्या पट्टीवर, म्हणजे माझ्या कपाळावर, एक पाल कोरली. मग तो स्वतः आत-बाहेर करून बघू लागला, तर त्याला वाकावेच लागेना. तो अतिशय बुटका होता. त्याने मला आणखी खाली घेतले. रीत सगळ्यांची, माप त्याचे. बाकीच्यांचे हाल आजतागायत चालू आहेत.

माझे ते दिवस चांगले होते. नव्या नवऱ्या वाकून आत आल्या आणि म्हाताऱ्या झाल्यावर आडव्या होऊन, न वाकता बाहेर गेल्या. पुढे शेजारी सिमेंटचे घर उभे राहिले आणि माणसे तिकडे राहायला गेली. माझ्या वाट्याला भाताची पोती आली, आणि कोंबड्या. कोंबड्या वाकत नाहीत. त्यांना गरज नसते हे मला कळते, पण मनाला लागतेच.

माणसांमध्ये शेवटी घरची म्हातारी, तुंपालची आई, तेवढी उरली. कांद्याच्या वाफ्यांनी तिला कायमचे वाकवून ठेवले आहे. ती माझ्याखालून जशी चालते तशीच निघून जाते. तिच्याकडून मला नमस्कार मिळतो की नाही, हे मला आता सांगता येत नाही.

मग मेदान शहरातला कारखाना बंद पडला आणि तिथे कामाला गेलेला तिचा मुलगा तुंपाल घरी परतला. त्याने पोती काढली, गाद्या घातल्या, पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पाहुणे दोन दिवसांसाठी येतात. सकाळी सायकली घेऊन गावोगावची आमच्यासारखी घरे आणि दगडी शवपेट्या बघत हिंडतात. संध्याकाळी दमून परततात, आणि दमलेला माणूस वाकायला विसरतो. अशाच एका उंच पाहुण्याने फोनवर लिहून टाकले: घर सुंदर, दरवाजा मारतो. मित्रांनो, मी आयुष्यात कोणावर हात उचललेला नाही. पण त्यानंतर पाहुणे कमी झाले आणि तुंपाल करवत मागून घेऊन आला.

"इनांग, वरची पट्टी कापतो. दरवाजा हातभर उंच करतो," तो आईला म्हणाला.

"आधी तुलांगला विचार." तुलांग म्हणजे तिचा भाऊ.

"घर आपलं, दरवाजा आपला, आणि विचारायचं मामाला?"

"तुझ्या बापानं मला बायको म्हणून त्यांच्या घरातून आणलं ना? मग विचारायचं. छपरावर पत्रे घालायच्या आधी त्यानंही विचारलं होतं."

"आणि नाही म्हणाले तर? पाहुणे आले नाहीत तर मला मेदानला परत जावं लागेल. तू येशील तिकडे?"

"कांदे कोण काढील?" म्हातारी म्हणाली, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला ते बघणे आवडले नाही.

तुलांग होडीने आले. आमच्याकडे मामाच्या घराण्याला देवाचा मान असतो, आणि देवाने भाच्याच्या दारात वाकायचे कसे, हा त्यांचा जुना पेच. म्हणून ते आयुष्यभर माझ्यातून पाठमोरे ये-जा करत आले. मान ताठ ठेवत, गुडघे मोडत, एकेक पाऊल मागे. माझी सुरुवातीची फुशारकी तेवढी त्यांना लागू नाही. आजही तसेच आले. चटईवर बसले. तुंपालने हौसेने त्यांच्यापुढे हळदीच्या रश्शातला अख्खा मासा ठेवला.

तुलांगनी माशाकडे पाहिले. माशानेही त्यांच्याकडे पाहिले.

"मासा मी तुला वाढायचा, आणि तू मला डुक्कर," ते शांतपणे म्हणाले. "मेदानला उलटं असतं का?"

"डुक्कर विकलं, तुलांग. पाहुण्यांना वास यायचा."

"म्हणून मला भाचा करून टाकलंस? बरं. आजपासून मीच तुला तुलांग म्हणतो. दे आशीर्वाद."

"पोरगं आहे ते. जेवून घे," म्हातारी म्हणाली.

"पोरगं? कानशिलं पांढरी झालीत त्याची. करवतीचं नावही काढू नका." आणि ते उठून तरातरा निघाले. आयुष्यात पहिल्यांदा, रागाच्या भरात, पाठमोरे नव्हे. समोर बघत.

आवाज मोठा झाला. मी काही केले नाही. मी होतो तिथेच होतो.

ते शिडीच्या वरच्या पायरीवर मटकन बसले. घरात बर्फ नव्हता. म्हातारीने तोच गार झालेला मासा केळीच्या पानात गुंडाळला आणि भावाच्या कपाळाला धरला.

"तुंपाल गेला," ती हळूच म्हणाली, "की या शिडीनं मी एकटी चढणार. मग दरवाजा उंच असला काय, ठेंगणा असला काय. मला कळायचंसुद्धा नाही रे."

तुलांगनी मासा कपाळावरून बाजूला केला. त्यांच्या भुवईवरून हळद ओघळत होती.

"काप," ते म्हणाले. "पण रीतीनं. डुक्कर वाढव, माझा वाटा माझ्यापुढे ठेव. मग मी मासा वाढीन, आणि मगच करवतीला हात लाव."

तेव्हापासून खांबांवर उभ्या आमच्या घराखाली डुकराचे एक पिल्लू बांधलेले आहे. तुंपाल त्याला रोज कसावा कंदाचा पाला घालतो. त्याचे खाणे मला वर ऐकू येते, आणि त्याची भूक चांगली आहे. ते भरले की माझे कपाळ जाईल. ते भरले नाही तर तुंपाल जाईल, आणि म्हातारी माझ्याखालून एकटी ये-जा करील. अशा वेळी माझ्यासारख्याने मुलांना सांगायचे असते, की जुन्याची काळजी घ्या. पण कोणत्या जुन्याची, माझी की तिची? मी पुष्कळ विचार केला. माझे लाकूड फणसाचे असल्याने विचार सावकाश होतो, आणि करवत मागल्या भिंतीला टांगलेली आहे.

तेव्हा मित्रांनो, उपदेश राहू द्या. तुम्ही कधी आमच्याकडे दोन दिवस राहायला आलात, तर तुम्हा मायाळू लोकांना एकच विनंती. त्या पिल्लाला बिस्किटे घालू नका.