बारा डॉलरचं ताट

माझं तोंड फटकळ आहे, हे अमरावतीच्या आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. अमेरिकेत ते कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता, कारण माझ्याशी बोलतंय कोण? तेहतिसाव्या वर्षी नोकरी सोडून स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करायला आले. डिपार्टमेंटमधली देशी पोरं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला 'लतिकामॅम' म्हणायची आणि पिक्चरला जाताना नेमकी विसरायची. शुक्रवारी संध्याकाळी दार लावलं की सोमवार सकाळपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलत नसे. रडगाणं म्हणून सांगत नाहीये. होतं ते असं होतं.

२००४च्या सप्टेंबरात मला फुटबॉलच्या मुलांना गणित शिकवायचं काम मिळालं. हा आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तो. आमच्या युनिव्हर्सिटीत शनिवारी सत्तर हजार माणसं तिकीट काढून तो बघायला यायची. कोचला वर्षाला वीस लाख डॉलर. आमच्या डिपार्टमेंटला झेरॉक्सचे कागद मोजून मिळत, आणि खेळाडूंच्या अभ्यासासाठी मात्र कुणा देणगीदाराने बांधलेली तीन मजली काचेची इमारत. खेळणाऱ्या पोरांना पगार शून्य. फी माफ, राहायची सोय, थोडा भत्ता, संपलं. पहिल्याच दिवशी आम्हा शिकवणाऱ्यांकडून सह्या घेतल्या, की खेळाडूला काहीही फुकट द्यायचं नाही. गाडीतून सोडायचं नाही, भेटवस्तू नाही, जेवण नाही. मी सही ठोकली. मी कुणाला काय देणार होते डोंबल?

माझ्या वाट्याला कॉर्डेल आला. मिसिसिपीच्या एका खेड्यातला, शेवटच्या वर्षाचा, सव्वासहा फूट उंच आणि दाराएवढा रुंद. खुर्चीत बसला की खुर्चीची दया यायची. दर वाक्याला 'येस मॅम', 'नो मॅम'. ढ नव्हता हो, घाबरट होता. गणित दिसलं की पेन खाली ठेवायचा. मी दोन-तीनदा झापलं, तेव्हा सोडवायला लागला. त्याची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. मुलगा चार वर्षं इथे खेळत होता, पण तिने त्याला या मैदानावर एकदाही पाहिलं नव्हतं. वीस नोव्हेंबरला शेवटची घरची मॅच. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुलं आईवडिलांचा हात धरून मैदानावर जातात, अशी तिथली पद्धत. त्यासाठी तिने बसचं तिकीट आत्ताच काढून ठेवलं होतं, एकोणीस तासांचा प्रवास. हे त्याने मला पहिल्या आठवड्यात सांगितलं, दुसऱ्या आठवड्यातही सांगितलं, आणि मग मीच विचारायला लागले, आता किती दिवस उरले रे?

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही गेलो तर काचेच्या इमारतीत देणगीदारांची पार्टी. अभ्यास बंद. सोमवारी त्याची परीक्षा. मी म्हटलं, चल माझ्या अपार्टमेंटवर, तिथे बसू. दोन गणितं झाली आणि त्याच्या पोटातून असा आवाज आला की मीच दचकले. चौकशी केली तेव्हा कळलं की रविवारी संध्याकाळी टीमचं जेवण नसतं आणि भत्ता त्याने घरी पाठवला होता. आता मला सांगा, जेवायच्या वेळेला घरात बसलेल्या माणसासमोर मी एकटीने काय गिळायचं? आमच्याकडे हा विचार करायचा विषयच नाही. ताट वाढायचं, झालं. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या. त्याने अकरा पोळ्या खाल्ल्या. नंतर स्वतःचं ताट घासलं, माझंही घासलं.

मग दर रविवार तोच नेम झाला. शनिवारपासून मी भाज्या निवडायला लागले. माझ्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात कुणीतरी 'अजून एक चालेल का, मॅम' म्हणत होतं, आणि मी खूश होते. खरंच खूश होते. ती सही मला आठवत नव्हती असं नाही, पण त्या कागदाचा आणि वरणभाताचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

घोळ मीच घातला. इथल्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी हॉल मिळाला तेव्हा, म्हणजे खऱ्या दिवाळीच्या आधीच्या शनिवारी झाली. तिथे नेहमीप्रमाणे मी प्लेट घेऊन कडेला. कुणी आलंच तर 'एकटीच का?' विचारून पुढे. आमचे जगन्नाथकाका हृदयाचे डॉक्टर, फुटबॉलचे मोठे भक्त. स्टेडियममधल्या चांगल्या खुर्च्यांसाठी युनिव्हर्सिटीच्या फुटबॉलला दरवर्षी पाच हजार डॉलर देणगी देणारे. ते चौऱ्याहत्तर नंबरच्या खेळाडूचं, म्हणजे आमच्या कॉर्डेलचं, कौतुक करत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तो दर रविवारी माझ्याकडे जेवतो."

सगळे वळले की हो. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याभोवती माणसं उभी राहिली. काकू म्हणाल्या, काय करतेस गं त्याला? मी अकरा पोळ्यांची गोष्ट सांगितली, मीठमसाला लावून सांगितली, आणि सगळे हसले तेव्हा पुन्हा सांगितली. पुढच्या शनिवारी मॅचला काकांनी ती स्टेडियममधल्या देणगीदारांच्या बॉक्समध्ये सांगितली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनाही चारचौघांत सांगायला काहीतरी मिळालं होतं.

सोमवारी मला कम्प्लायन्स ऑफिसमधून, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या खात्यातून बोलावणं आलं. केस्लर नावाचा माणूस होता. तो चांगला होता, हे आज कळतं. म्हणाला, कॉर्डेलने सगळं खरं सांगितलंय, सात जेवणं. मार्ग सोपा आहे. जेवणांची किंमत त्याने शुक्रवारपर्यंत एखाद्या धर्मादाय संस्थेला भरायची, की शनिवारी खेळायला मोकळा. मग पेन उघडून म्हणाला, "किंमत काय लावू? दोन डॉलर? डाळ आणि भातच होता ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. डाळ आणि भातच! चार तास मी ओट्याशी उभी राहत होते. कोचला वीस लाख आणि माझ्या ताटाला दोन डॉलर?

"बारा," मी म्हटलं.

त्याने पेन थांबवलं. "नक्की? विचार करा."

"बारा. हॉटेलात याहून वाईट जेवणाला बारा घेतात."

त्याने लिहिलं, मी सही केली. सात ताटं, चौऱ्याऐंशी डॉलर. जिंकल्यासारखी बाहेर पडले. जिन्यात पोचले तेव्हा ट्यूब पेटली, की हे पैसे भरायचे कुणी? तशीच धावत परत गेले. म्हटलं, दोन लिहा, मी चुकले. तो म्हणाला, सही केलेला जबाब बदलता येत नाही. म्हटलं, मग मी भरते. तर म्हणे, तो आणखी एक नियमभंग. घरच्यांशिवाय कुणीही दिले तरी तेच. माझं काम त्याच दिवशी गेलं, आणि कॉर्डेलशी संपर्क ठेवायचा नाही, असंही लेखी आलं.

शनिवारी टीव्ही लावून बसले. शेवटच्या वर्षाची मुलं एकेक करून मैदानावर आली. कुणाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाप, कुणाची आजीसुद्धा. चौऱ्याहत्तर नंबर आला तो एकटा. हेल्मेट काखेत धरून, सरळ समोर बघत चालत गेला. मी टीव्ही बंद केला आणि मोठ्याने रडले. ऐकायला कुणी नव्हतंच.

पुढच्या बुधवारी लायब्ररीच्या दारात तो समोर आला. चार हात लांबच थांबला.

"मॅम, मला तुमच्याशी बोलायची परवानगी नाही."

मी म्हटलं, माहीत आहे. आणि म्हटलं, मी दोन म्हणायला हवं होतं रे, माझ्या जिभेला हाड नाही.

त्याने मान हलवली. "आईने तिकीट परत केलं, त्यातून भरले. मी तिला सांगितलं, ते दोनच लिहिणार होते, मॅमनी रागात बारा सांगितले. ती म्हणाली, बारा बरोबर आहे. घरापासून इतक्या लांब कुणीतरी माझ्या पोराला गरम जेवण वाढलं. दोन सांगितले असते तर मलाच वाईट वाटलं असतं."

एवढं बोलून तो गेला. त्याच्या आईला मी कधी पाहिलं नाही. आणि तिने आपल्या मुलाला त्या मैदानावर कधीच पाहिलं नाही.