राजरत्नचे नऊशे ग्रॅम

ही चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. चाळीत सगळे स्वप्नीलला बोल लावतात, कारण तो मंडळाचा सेक्रेटरी आणि कार्यक्रम त्याने ठरवला. पण सत्कार लढतीच्या आधी उरकावा ही कल्पना माझी होती.

राजरत्न आमच्याच मजल्यावरचा. परळच्या या चाळीतून अकराव्या वर्षी माझगावच्या क्लबात दगडू मास्तरांकडे बॉक्सिंग शिकायला गेला. आता एकतीस वर्षांचा आहे. सकाळी लोअर परळच्या एका टॉवरमध्ये कंपन्यांच्या साहेबांना ठोसे मारायला शिकवतो, संध्याकाळी स्वतः मारतो. व्यावसायिक लढती अकरा, त्यातल्या आठ जिंकलेल्या. बारावी लढत राष्ट्रीय पट्ट्यासाठी होती, रविवारी, हरियाणाच्या एका बॉक्सरशी.

मला वाटलं, हा हरला तर सत्कार कोण करणार? मला कुठल्याही गोष्टीत आधी हरणंच दिसतं. म्हणून मी स्वप्नीलला म्हणालो, "शुक्रवारीच करून टाकू या."

शनिवारी सकाळी वजन करतात, हे मला ठाऊक नव्हतं. दादरच्या ग्रंथालयात अडतीस वर्षं काढली, बॉक्सिंगवरची तीन पुस्तकं वाचली. त्यांत ते असेलही. मी नेमकं तेच पान सोडलं असेल.

शुक्रवारी दुपारी चार वाजता दगडू मास्तर आमच्या दारात उभे राहिले. सत्तरीचा माणूस, नाक दोन ठिकाणी वाकलेलं.

"परुळेकर, सत्काराचं डोकं तुमचंच ना?"

"हो. म्हणजे, सुचवलं होतं फक्त."

"पोरगा आत्ता बासष्ट किलो शंभर भरलाय. उद्या दहाला एकसष्ट दोनशे भरायला पाहिजे. नऊशे ग्रॅम जास्त. रात्री झोपेत चारेकशे आपोआप उतरतात. उरले पाचशे. ते मी संध्याकाळी त्याला प्लास्टिकचं जाकीट घालून, पळवून, घामातून काढणार होतो. आणि तुम्ही त्याला सहा वाजता खुर्चीत बसवून पेढे चारणार!"

"पेढा काय, एखादाच..."

"चौदा घरं. घरटी एक शाल, एक पेढा. खाल्ला नाही तर बाई रागावते. करा हिशेब, तुम्ही शिकलेले."

मी केला. मास्तरांकडे बघण्याचं धैर्य झालं नाही.

प्रकरण किती गंभीर आहे ते मग त्यांनी आत येऊन, खुर्चीच्या कडेला टेकून सांगितलं. मार्चमध्ये राजरत्न मावसबहिणीच्या हळदीला जेवला, तीनशे ग्रॅम जास्त भरला आणि लढत रद्द झाली. आयोजकाने तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा वजन चुकलं तर यादीतून नाव कायमचं कट. एकतिसाव्या वर्षी नवीन आयोजक मिळत नाही.

"मग कार्यक्रमच रद्द करू," मी म्हणालो.

"रमाबाईंना तुम्ही सांगता?"

रमाबाई म्हणजे राजरत्नची आई. त्यांनी शीव कोळीवाड्यापासून नातेवाईक बोलावले होते आणि सकाळपासून तीन वेळा साडी बदलली होती. त्यांचं दार आमच्या समोरच आहे. आम्ही दोघांनी त्या दाराकडे बराच वेळ पाहिलं. आयुष्यभर ठोसे खाल्लेले मास्तरही उठले नाहीत आणि मीही नाही.

मास्तरांनी अचानक विचारलं, "त्या सत्काराच्या शाली असतात, त्यातून हवा खेळते का हो?"

"मुळीच नाही. मला निवृत्तीच्या दिवशी मिळाली होती. पाच मिनिटांत पाठ भिजली."

मास्तर खुर्चीत नीट बसले. "ऐका. शाली आधी. चौदाच्या चौदा, एकावर एक, काढायच्या नाहीत. वर फेटा. पेढे भाषणानंतर. भाषण कोण करणार?"

"प्रमुख पाहुणे."

"ते येत नाहीत. स्वप्नीलला आत्ताच फोन आला."

"मग माझे दोन शब्द आहेत. दीड पान. चार मिनिटं."

"दीड तास पाहिजे."

माझ्या निरोप समारंभात आभारसुद्धा माझ्या बायकोने, मालनने, मानले होते. आतून तिचाच आवाज आला, "मास्तर, दुसरा माणूस बघा. हे भाजीवाल्याशी बोलताना घाबरतात."

दुसरा माणूस नव्हता.

सहा वाजता समाजमंदिर भरलं. ऑक्टोबरचा उकाडा. बुद्धवंदना झाली, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला. मग शाली सुरू झाल्या. दहाव्या शालीनंतर राजरत्नची मान दिसेनाशी झाली. चौदाव्या शालीनंतर फेट्याखाली नुसतं नाक उरलं. "माइकमध्ये घरघर येते," असं सांगून मास्तरांनी पंखे बंद केले.

मी उभा राहिलो. दीड पान तीन मिनिटांतच संपलं, कारण घाईत मी मधला परिच्छेद गाळला. टाळ्या झाल्या. बायका पेढ्यांचे पुडे घेऊन उठल्या. सर्वांत पुढे रमाबाई. मागून मास्तर दोन्ही हात हलवत होते, बुडणारा माणूस हलवतो तसे.

"बसा," मी म्हणालो.

माइकवर मी आयुष्यात कोणाला "बसा" म्हटलेलं नाही. पण त्या बसल्या. आता पुढे काहीतरी बोलणं भाग होतं आणि मला जगात एकच गोष्ट नीट येते.

"बॉक्सिंगची पुस्तकं ग्रंथालयात कुठे ठेवतात, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं," मी सुरुवात केली. "तिथे प्रत्येक विषयाला क्रमांक असतो. त्यांचा सातशे शहाण्णव. पण मध्येच सातशे शहाण्णव म्हटलं तर कोणाला काय कळणार? आपण शून्यापासून निघू."

आणि मी शून्यापासून निघालो. शंभरला तत्त्वज्ञान, दोनशेला धर्म. दर दहा क्रमांकांवर थांबलो, उदाहरणं दिली. तीनशेत कायदा आला तेव्हा पहिल्या रांगेतले रमाबाईंचे मेहुणे झोपले. चारशेत, भाषांपाशी, स्वप्नील चहाचं बघून येतो म्हणाला तो परत आला नाही. मधून मधून मी नाकाकडे पाहत होतो. नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होते, एकामागून एक. असा आनंद मला कुठल्याही श्रोत्याने दिलेला नाही.

"काका, सातशे कधी?" मागून कोणीतरी ओरडलं.

"पाचशे नव्वदला आहोत. प्राणी."

"माणसांचं काय?"

"सहाशे दहाला वैद्यक आहे. धीर धरा."

सहाशे एक्केचाळीस म्हणजे पाककला. तिथे लोकांची नजर पुड्यांकडे वळली, म्हणून तेवढं एक मी पळत ओलांडलं. सातशेत चित्रकला आली, संगीत आलं. साडेसात वाजून गेले होते. शेवटी मी "सातशे शहाण्णव" म्हणालो आणि लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या, जणू पट्टा मीच जिंकला.

पेढा भरवायचं त्राण कोणात उरलं नव्हतं. जो तो आंघोळीला घरी पळाला. मास्तरांनी शाली सोलून काढल्या आणि राजरत्नला आतल्या खोलीत काट्यावर उभं केलं. एकसष्ट सहाशे.

"पाचशे ग्रॅम," मास्तर म्हणाले. "परुळेकर, वीस वर्षं पोरांना उगाच पळवत होतो मी."

राजरत्न भिंतीला टेकला होता. "काका, पळणं सोपं होतं हो," तो म्हणाला.

शनिवारी मास्तरांनी मलाही टॅक्सीत कोंबलं. का, ते विचारायचं मला सुचलं नाही. एका हॉटेलच्या हॉलमध्ये वजनकाटा, बिल्ले लावलेले अधिकारी आणि दहा-बारा फोटोग्राफर. हरियाणाचा बॉक्सर आधी चढला आणि बरोबर भरला. मग राजरत्न.

एकसष्ट तीनशे.

मास्तरांचा चेहरा पडला. शंभर ग्रॅम उतरायचे राहिले होते आणि मला एकदम आठवलं की पाककला मी पळत ओलांडली होती.

"चड्डी काढून घ्या," अधिकारी सहज म्हणाला. "टॉवेल धरा कोणीतरी."

तो नियमच आहे म्हणे. मास्तरांनी टॉवेलचं एक टोक धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. मी मान वळवून डोळे मिटले. टॉवेलमागे चड्डी खाली पडली. राजरत्न पुन्हा काट्यावर चढला.

"एकसष्ट किलो दोनशे," अधिकारी म्हणाला. "पास."

मी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन. मला सवय नाही हो आनंदाची; तेव्हा हातात काय आहे याचं भान राहिलं नाही.

सगळे फ्लॅश एकदम उडाले. मास्तर त्यांचं टोक घट्ट धरून होते, पण अर्ध्या टॉवेलने काय होतं? राजरत्नने दोन्ही हातांनी जमेल तेवढं झाकलं आणि सुकल्या ओठांनी म्हणाला, "काका, पाणी नंतर द्या. आधी ते टोक उचला!"

रविवारची लढत तो दहा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. पट्टा घेतानाचा फोटो मात्र कुठल्याही वर्तमानपत्राने छापला नाही. सोमवारी छापला तो शनिवारचाच, कमरेखाली कापलेला. त्यात राजरत्न हसतोय, मास्तर ओरडतायत आणि मध्ये हात वर केलेला एक चष्मेवाला म्हातारा आहे. त्या म्हाताऱ्याच्या खाली छापलंय, "विजेत्याचे प्रशिक्षक".