गोरिलाची बायको

माझ्या सासूबाईंनी माझ्या सासऱ्यांचा सिनेमा भर लोकांत धुऊन काढला, तोही कॅमेऱ्यासमोर. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे ते कसं झालं हे माझ्याइतकं नीट कुणालाच सांगता येणार नाही.

सासरे विनोदी नट. तरुणपणी एका नाटकात त्यांनी फुगेवाल्याचं काम केलं. ते इतकं गाजलं की लोक त्यांचं खरं नाव विसरले. बँकेतला कॅशियरसुद्धा त्यांना "या फुगेवाले" म्हणायचा. पुढे त्यांनी ढीगभर कामं केली. त्यातली बरीचशी अशी, की आठवण काढली तर त्यांनाच बरं वाटणार नाही.

पहिल्या खेळाला जाऊन बसायची त्यांची कधी छाती झाली नाही. ते घरी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायचे आणि सासूबाईंना पाठवायचे. सासूबाई डोक्याला स्कार्फ गुंडाळायच्या, काळा चष्मा लावायच्या आणि मागच्या रांगेत बसायच्या. खेळ सुटल्यावर बाहेर रेंगाळून, लोक काय बोलतात ते ऐकून घरी यायच्या आणि सासऱ्यांना सांगायच्या. अलीकडे गुडघ्यांनी दगा दिल्यापासून जिन्यावर आधाराला त्या मला नेतात.

यंदाचा सिनेमा प्राणीसंग्रहालयातला. गोष्ट अशी: मॅनेजर सगळे प्राणी चोरून विकून टाकतो. तेवढ्यात वरून तपासणीला साहेब येणार असं कळतं. मग तीन नोकर कातडी चढवून पिंजऱ्यात जाऊन बसतात. ही कल्पना कुणालातरी सुचली, हे मी समजू शकते. माणसाला काहीही सुचतं. पण ती त्याने चारचौघांत बोलून दाखवल्यावर एकानेही त्याला अडवलं नाही, ह्याचं मला नवल वाटतं.

सासरे झाले गोरिला. शहामृग झाला तो त्यांचा जुना सोबती, ज्याला सगळे शिडी म्हणतात. उंची दाराला डोकं लागेल एवढी, पण विनोद कधी गुडघ्याच्या वर गेला नाही. आणि पाणघोडा झाला तो उचकी म्हणून ओळखला जाणारा नट. ह्याला फार वर्षांपूर्वी रंगमंचावर चुकून उचकी लागली होती आणि लोक हसले होते. तेव्हापासून तो दर वाक्याच्या शेवटी उचकी देतो. तेवढ्या भांडवलावर त्याने दुमजली घर बांधलं.

माझाही त्या सिनेमात थोडा जीव अडकला होता. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. गोरिलाचे दात मीच करून दिले होते.

थिएटर निम्मं भरलेलं होतं. पाणघोड्याने पहिली उचकी दिली तेव्हा पुढे दोघं-तिघं हसले. दुसरीला एकच हसला. त्यानंतर तोही गप्प बसला, बहुधा त्याला आधी हसल्याचा पश्चात्ताप झाला असावा. शहामृगाने अंडं घातल्याचं नाटक केलं तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी पर्समधून नेलकटर काढलं. मग गोरिला केळ्याच्या सालीवरून घसरून पडला. उठला आणि परत पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा एका लहान मुलीने मोठ्याने विचारलं, "आई, आत आजोबा आहेत ना? त्यांना लागत असेल." अख्ख्या सिनेमात लोक खरे हसले ते त्या पोरीच्या वाक्याला. मी चोरून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी काळा चष्मा काढून हातात धरला होता आणि तो उघडत-मिटत होत्या.

सुटल्यावर आम्ही आधी बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत उभ्या राहिलो. सासूबाईंच्या मते खरं मत तिथेच ऐकायला मिळतं.

"त्यात शहामृग कुठला होता गं?" एकीने विचारलं.

"तो उंच होता ना, पिसंपिसं लावलेला."

"अगंबाई! मला वाटलं तो झाडलोट करणारा असेल आणि झाडू अंगावर पडला असेल."

"ते जाऊ दे. त्या पाणघोड्याला कुणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

"गोरिलाचे दात मात्र खरे वाटत होते हं," तिसरी म्हणाली. माझी मान क्षणभर ताठ झाली आणि लगेच खाली गेली. इतक्या लोकांनी इतकं काम केलं आणि नजरेत भरले ते काय, तर दात!

बाहेर एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, "पैसे परत मागू या का?"

"पैसे राहू देत," ती म्हणाली. "माझी दुपार परत मिळते का ते विचारा."

एक तरुण त्याच्या मित्राला सांगत होता, की खरे प्राणी ह्यांच्यापेक्षा जास्त हसवतात, आणि आपण हसवतोय हे त्यांना ठाऊक नसतं, म्हणून ते छान वाटतात. मला ते पटलं. सासूबाई सगळं ऐकत होत्या.

दारापाशी एक मुलगी हातात माइक घेऊन उभी होती. तिचा जोडीदार मोबाइलवर चित्रीकरण करत होता. कुठल्यातरी चॅनेलसाठी येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून ती मत विचारत होती. सासूबाईंची अशा वेळची रीत मला माहीत होती. "छान होता" म्हणायचं आणि सटकायचं. मी त्यांचं कोपर धरून वाट काढायला लागले.

"आजी, कसा वाटला सिनेमा?"

सासूबाई थांबल्या. "मला विचारतेस होय? मग नीट ऐक. मध्येच पळून जाऊ नकोस."

मुलीने माइक पुढे केला.

"ह्याला सिनेमा म्हणतात होय? मी आत बसून मनातल्या मनात स्वेटरची एक बाही विणून काढली. तो पाणघोडा सारखा उचकतोय. एखाद्याला उचकी लागली तर घरचे पाणी पाजतात. ह्यांनी तर त्याला आख्खा तळ्यात उतरवला, तरी थांबेना! तो शहामृग वाळूत डोकं खुपसतो, तेवढा एकच प्रसंग मला आवडला. निदान तोंड तरी दिसत नव्हतं. आणि लेखकाचं तर मला कौतुक वाटतं बाई. पिंजऱ्यात त्याने माणसं घातली आणि स्वतः मोकळा फिरतोय."

भोवती माणसं जमली. कुणी टाळी वाजवली. मुलीचे डोळे चमकायला लागले. "आणि गोरिला, आजी?"

मी सासूबाईंचं कोपर ओढलं. त्यांनी ते सोडवून घेतलं.

"त्या कातड्याच्या आत एक चांगला नट आहे," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "नुसता पाठमोरा उभा राहिला तरी लोक हसायचे, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरायचे. त्याला केळ्याच्या सालीवरून पाडलं. पाडणाऱ्यांना काही अक्कल नाही, ते सोड. पण हा पडला कशाला? पडला, उठला, अंग झटकलं, परत पडला! ह्या वयात! मला राग आलाय तो त्याचा. बाकीच्यांचा नाही. त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती."

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "आई, हे काय करून बसलात?"

"काय केलं? स्कार्फ होता की डोक्याला."

घरी सासरे बादलीत पाय सोडून बसले होते. पाणी केव्हाच गार झालं असणार. "काय म्हणतात लोक?"

"हसले," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे कुठे?"

"शेवटपर्यंत काही ना काही चाललंच होतं."

"आणि ते सालीचं?"

"तिथे तर विचारूच नका."

सासरे खूश झाले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी लावत बसले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी एका कवळीला चकाकी देत होते, तर आमच्या मॅडम खुर्चीतच डुलत हसताना दिसल्या. "ही म्हातारी बघ," म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. संध्याकाळपर्यंत ती म्हातारी सगळ्या गावाने पाहिली होती. 'मनातल्या मनात बाही विणली' हे वाक्य लोक कंटाळवाण्या मीटिंगांनाही वापरायला लागले. आणि गंमत अशी, की थिएटरं भरायला लागली. सिनेमा इतका वाईट असू शकतो का, हे बघायला लोक घोळक्याने जायचे. पाणघोड्याने उचकी दिली, की प्रेक्षक एका सुरात "पाणी द्या!" ओरडायचे.

रविवारी सकाळी उचकी आणि शिडी घरी आले. सासूबाई चहा करायला आत गेल्या, मी बिस्किटांची बशी ठेवली.

"फुगेवाले, ती बाई बघितलीत का?" उचकीने बसायच्या आधीच फोन काढला. कुणाच्या घरच्या बैठकीतही तो दर वाक्याला उचकी देतो. बाकीच्यांना आता ऐकू येत नाही, मला येते. "निर्माते म्हणतात, शोधून काढा तिला. दुसऱ्या भागाच्या जाहिरातीत घ्यायचं. गोरिला परत तुम्हीच. ह्या वेळी गोरिलाचं लग्न!"

"विनोदातलं काय कळतं हो त्या बाईला?" शिडी म्हणाला. 'वाळूत डोकं' हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. "म्हणे तोंड दिसत नव्हतं."

उचकीने व्हिडिओ लावला आणि सोबत म्हातारीची नक्कल करायला लागला. पाठीला पोक, बोबडा आवाज. सासूबाईंचा आवाज बोबडा नाही. "हिचा नवरा हिला घरात विचारत नसणार," तो म्हणाला. "म्हणून बाहेर उभी राहून दुसऱ्यांच्या नवऱ्यांची उणीदुणी काढते."

"बंद कर तो फोन," सासरे म्हणाले.

"अहो, शेवट तर ऐका, तुमच्यावरच..."

"बंद कर म्हणतो ना. तिच्या नवऱ्याला मी ओळखतो."

सासूबाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "घेताय ना चहा?" त्या म्हणाल्या. "का गार करून हवाय?"

उचकीने फोनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं पडलं, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा त्याला खरी उचकी लागली. शिडीने त्याला पाणी दिलं, पाठीवर थापटलं. ती काही थांबेना. चहा न घेताच दोघं निघाले. जिना उतरेपर्यंत तिचा आवाज येत होता.

दार लावल्यावर सासरे म्हणाले, "पहिल्याच वाक्याला ओळखलं. 'होय' म्हणताना तू एक हेल काढतेस."

"मग चार दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलू? इतकी वर्षं मला येऊन काय सांगत होतीस तू?"

"जे ऐकायला तुम्ही पाय भिजवत बसायचात ते."

"म्हणजे सगळं खोटं? तो पोस्टमनचा सिनेमा?"

"लोक मध्यंतरातच घरी गेले."

"ते आंधळ्या न्हाव्याचं नाटक?"

"एकाने चप्पल फेकली होती. नेम चुकला म्हणून तुम्हाला कळलं नाही."

सासरे खुर्चीत खाली खाली जात होते. मला वाटलं, आता पुरे करावं. पण त्यांनी विचारलंच, "आणि फुगेवाला?"

सासूबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. "तेव्हा मला खोटं बोलावं लागलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पुढे सवय व्हायला इतका वेळ लागला."

सासऱ्यांनी बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी मला सांगायचे, "तिला म्हणावं, मीठ." ती तीन फुटांवर. आणि मग एका दुपारी, कुणाला न सांगता, ते स्वतः त्या सिनेमाला जाऊन आले. चेहरा झाकायची गरज नव्हती. सिनेमाभर तो कातड्याखालीच होता. बाहेर पडताना एका माणसाने त्यांना न्याहाळून म्हटलं, "तुम्ही थेट त्या फुगेवाल्यासारखे दिसता हो. काय काम करायचा तो! बरं झालं, हे असलं काही बघायला तो राहिला नाही."

हे त्यांनी आम्हाला घरी येऊन, बूट न काढताच सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत. सासरेही हसले नाहीत.

"किती भिकार आहे गं तो सिनेमा," ते म्हणाले.

"मी त्या मानाने सौम्यच बोलले," सासूबाई म्हणाल्या.

निर्मात्याचा फोन आला तेव्हा मी शेजारी होते. सासऱ्यांनी सांगितलं, "गोरिला वारला. हो, सालीवरूनच पडून. नाही, त्या बाईंचा पत्ता मला माहीत आहे, पण देणार नाही." गोरिलाचं काम आता उचकी करतोय. गोरिलाच्या लग्नाचं चित्रीकरणही सुरू झालंय म्हणे.

सासऱ्यांनी कपाटातून त्यांचं स्वतःचं लिहून ठेवलेलं एक नाटक काढलं. तीन अंकी. रोज संध्याकाळी बैठकीत ते उभे राहून वाचतात आणि सासूबाई विणकाम घेऊन समोर बसतात. ऐकून खरं तेच सांगायचं, ही अट सासऱ्यांनीच घातली.

"झेपेल का?" सासूबाईंनी आधीच विचारलं होतं.

"नाही झेपणार. तरी सांग."

आणि झेपत नाहीच. "हे वाक्य शिळं आहे," त्या सुईवरून नजर न काढता म्हणतात. सासरे चिडतात, कागद आपटतात, तुला काय कळतं म्हणतात, गॅलरीत जाऊन उभे राहतात. मग परत येऊन ते वाक्य खोडतात. काल त्यांनी एका पात्राला खुर्चीवरून पाडलं, तर सासूबाईंनी विणकाम गुंडाळलं आणि सरळ झोपायला गेल्या. सकाळी ते पात्र नाटकात नव्हतं.

सध्या नाटक तीन अंकांवरून दीडावर आलंय. त्यातला अर्धा सासूबाईंना अजून पसंत नाही.