‘थांबा’ कोण म्हणणार?

साहेबांपुढे माना डोलावणारे लोक कोणत्या कचेरीत नसतात? शेजारच्या ग्रहाभोवती फिरणारे यान इथून चालवणारी ही कचेरी तरी त्याला अपवाद कशी असेल! यानाला पाठवलेला संदेश म्हणजे सुटलेला बाण. म्हणून तो सोडण्याआधी साहेब प्रत्येक टेबलाला विचारत, आणि प्रत्येकाने ‘तयार’ किंवा ‘थांबा’ म्हणायचे. पण ‘थांबा’ कधीचाच बाद झाला होता. साहेब माणूस सोन्यासारखा, मात्र रागावले की भल्याभल्यांची बिनपाण्याने हजामत करत.

त्या दिवशीही सगळे ‘तयार’ म्हणाले. संदेश गेला. थोड्या वेळाने कळले, यानाचा मोठा कॅमेरा ग्रहाऐवजी सूर्याकडे वळला आणि कायमचा आंधळा झाला!

साहेब मटकन खाली बसले. पोटच्या पोरासारखे जपलेले यान ते!

“कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

कॅमेऱ्याचे काम पाहणारी मुलगी रडवेली झाली. “मला शंका आली होती, साहेब.”

“मग मूग गिळून गप्प का बसलीस?”

उत्तर दिले सगळ्यात जुन्या इंजिनिअरने. त्यांना सगळे काका म्हणत. “कशी बोलेल ती? मागे इंधनवाल्यानं ‘थांबा’ म्हटलं, शंका खोटी निघाली. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘भित्र्यांनी घरी बसावं.’ तेव्हापासून सगळेच शूर झालेत.”

“अहो काका, मी कामासाठीच ओरडतो ना?”

“कबूल. पण ओरडून चुका थांबत नाहीत हो. चुका सांगणारे थांबतात.”

साहेबांना ते फार लागले. त्यांनी मुलीला जवळ बोलावले. “चूक माझी आहे. वरच्यांना मी तसंच सांगेन. तू मात्र यापुढे बोल.”

आता यानावर एकच छोटा कॅमेरा उरला होता. पुढच्या संदेशाच्या वेळी सगळे ‘तयार’ म्हणाले. मुलगीच तेवढी घाबरत म्हणाली, “थांबा!”

सगळे पुन्हा तपासले. चूक कुठेच नव्हती! तोवर वेळ टळली, त्या फेरीचे फोटो हुकले. कुणी मान वर करेना. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ते घोटभर पाणी प्याले.

“साहेब, माझी शंका खोटी निघाली.”

“निघू दे. फोटो पुढच्या फेरीत काढू. परत शंका आली, तर परत थांबव मला.”

मुलीला रडू आवरेना.

वाचकहो, खरी निघालेली शंका सगळेच डोक्यावर घेतात. घरातले पोर किंवा हाताखालचा माणूस आपल्याला उगाच थांबवतो, तेव्हा आपण काय बोलतो? पुढच्या वेळी तो खरे सांगेल की नाही, हे त्यावरच ठरते.